दिसत नाही म्हणून नाही? घरगुती एलईडी स्ट्रोब आणि घरची वीज

गणपती जवळ आले की नांदेड-लातूरकडे गल्लोगल्ली पोरांचा एक उद्योग सुरू होतो. एलईडी, जुने बोर्ड, वायरचे तुकडे जमवायचे आणि आरास उभी करायची. त्यात झपझप उघडझाप करणारा स्ट्रोब हवाच. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही तो असतो. त्याला घरची वीज द्यायची कशी, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथं काय काम, असं आपल्याला वाटेल. ते पुढं कळेल.

आधी आकडे पाहू. आपल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, ५० हर्ट्‌झचे. प्रत्येक लाटेच्या शिखरावर हा दाब ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. पांढऱ्या एलईडीला मात्र ३ व्होल्टच्या आसपास पुरतात. एवढा फरक मिटवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला स्वस्तातला. लाइनमध्ये एक कॅपॅसिटर घालायचा, पुढं रेक्टिफायर आणि एलईडीची माळ. ०.४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर साधारण ३४ मिलिअँपिअरच प्रवाह जाऊ देतो. दिवे छान लागतात. पण कॅपॅसिटर प्रवाह कमी करतो, लाइनशी असलेला संबंध तोडत नाही. सर्किटची दुसरी बाजू लाइनलाच जोडलेली राहते, आणि दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तीच बाजू फेज होते. स्वस्त बल्बमध्ये हीच युक्ती असते, पण तिथं वरून बंद कवच असतं. आपलं सर्किट पुठ्ठ्याच्या खोक्यात उघडं, शेजारी पाण्याचं कारंजं! ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर २३० मिलिअँपिअर प्रवाह अंगातून जाईल. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो, यावरून काय ते समजा.

दुसरा मार्ग अडॅप्टरचा. त्यात ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांपासून वेगळी असतात. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, तार जात नाही. म्हणून चांगला, बीआयएसचं चिन्ह असलेला १२ व्होल्टचा तयार अडॅप्टर घ्यावा आणि तो उघडू नये. तीन एलईडी एकापुढं एक जोडले की ९ व्होल्ट लागतात. उरलेल्या ३ व्होल्टसाठी १५० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह २० मिलिअँपिअर. अशा पाच माळा समांतर जोडल्या तर सगळे मिळून १०० मिलिअँपिअर. उघडझाप ५५५ या टायमरनं करावी. प्रयोग सगळा १२ व्होल्टच्या बाजूला, २३० व्होल्टच्या बाजूला काहीही नाही.

आता तो तत्त्वज्ञानाचा मुद्दा. समोर जमिनीवर घागर नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? ती दिसत नाही यावरून. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक याला अनुपलब्धी म्हणतात आणि ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतात. मात्र अट अशी, की वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही, म्हणून ती नाही असं ठरत नाही. पिशाचाचंही तेच. ते दिसण्यातलं नाहीच, तेव्हा न दिसण्यावरून काही सिद्ध होत नाही.

वीज या बाबतीत पिशाचासारखी आहे. म्हणून आपण टेस्टर लावतो. तो पेटला नाही की पोरं म्हणतात, “करंट नाही.” पण टेस्टरच बिघडलेला असेल तर? आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर टेस्टर पेटतो का पाहावं, मग हव्या त्या जागी लावावा, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. तिन्ही वेळा पाहिलं तरच “नाही” म्हणायला थोडा आधार मिळतो. त्यानंतरही प्लग काढूनच हात घालावा. कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज प्लग काढल्यावरही राहू शकते, हे लक्षात असू द्या.

अर्थिंगचंही असंच. खड्डा खणला म्हणजे अर्थिंग झालं, असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात माती वाळते आणि तिचा रोध वाढतो. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहावं. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर आरसीसीबी वाचवेलच असं नाही.

स्ट्रोबचा स्वतःचाही एक धोका आहे. तीन पात्यांचा पंखा सेकंदाला पाच फेरे घेत असेल आणि स्ट्रोब १५ वेळा चमकला, तर पंखा थांबल्यासारखा दिसतो. १८३२ साली प्लातो आणि श्टाम्फर यांनी स्वतंत्रपणे बनवलेल्या यंत्रांपासून स्ट्रोबोस्कोपचा इतिहास सुरू होतो. गंमत म्हणून ठीक. पण कडबाकुट्टीजवळ असा दिवा लावला तर फिरतं पातं स्थिर वाटेल. शिवाय सेकंदाला ३ ते ३० चमका काही माणसांना अपस्माराचा झटका आणू शकतात. मंडपात माणसं कोण येणार, हे आपल्या हाती नसतं. तेव्हा तिथं वेग सेकंदाला तीनच्या खाली ठेवावा आणि दिवा डोळ्यांवर रोखू नये.

दिवा लागला, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असं ठरत नाही. आपल्या घरात, मंडळात कुणी असं काही जोडत असेल, तर “लागतंय का?” याच्या आधी “हात लागला तर काय होईल?” हे विचारा. उत्तर अडॅप्टरच्या पुढच्या बाजूला सापडलं, तर पोरांना खुशाल करू द्या.