मधाच्या बाटलीचे बूच

भुदरगड तालुक्यातील पाटगाव आता ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. जांभूळ, हिरडा यांच्या फुलोऱ्यावर सातेरी माश्यांनी गोळा केलेला इथला मध घरी आणला, की प्रश्न उरतो तो टिकवण्याचा. भेट देण्यासाठी बूच लावलेल्या देखण्या बरण्या मिळतात. पण मधाला बूच मानवते का?

खरे बूच म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक वृक्षाची साल. पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे आपल्याकडचे बुचाचे झाड वेगळे. ओकची साल साधारण दर ९ वर्षांनी, झाड न तोडता सोलतात. तिच्या एका घन सेंटिमीटरमध्ये हवेने भरलेल्या सुमारे ४ कोटी पेशी असतात. म्हणून बूच हलके असते आणि उष्णता अडवते. पहिल्या शतकातील रोमन लेखक कोलुमेला याने मधमाश्यांसाठी बुचाची पेटी उत्तम ठरवली होती. मातीची मात्र वाईट, कारण ती उन्हाळ्यात तापते आणि थंडीत गारठते.

पेटीला जे मानवते, ते बरणीला मानवेलच असे नाही. मध हवेतले पाणी ओढून घेतो. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली, की उघडा मध हळूहळू पातळ होऊ लागतो आणि भुदरगड-राधानगरीचा पावसाळा तर त्याहून कितीतरी ओला. नियमानुसार मधात २० टक्क्यांपर्यंत पाणी चालते. त्यापुढे यीस्ट वाढून मध आंबतो, फेसाळतो. सातेरीचा मध मुळातच थोडा पातळ, म्हणून जास्त जपावा लागतो. वारंवार काढलेले बूच सैल होते आणि ओलसर राहिले तर त्यावर बुरशी धरते.

मधमाशीलाही हे कळते. मध पिकला, की ती प्रत्येक घर मेणाने बंद करते. जाणते मधपाळ असे मेणबंद पोळेच काढतात.

घरी रोजच्या वापरासाठी काचेची बरणी आणि घट्ट फिरकीचे झाकण बरे. चमचा कोरडा हवा. मध रवाळ झाला म्हणजे भेसळ झाली असे नव्हे. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि तो धोका कोणतेही झाकण टाळू शकत नाही.