‘द कंट्री ब्लूज’ : चौदा गाण्यांची निवड

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांच्या तबकड्या १९२० आणि १९३० च्या दशकांत ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या शिक्क्याखाली विकल्या जात. १९५० पर्यंत त्यांतल्या बहुतेक बाजारातून गेल्या होत्या. उरल्या त्या घरांच्या माळ्यांवर आणि मोजक्या संग्राहकांपाशी.

१९५९ साली सॅम्युएल चार्टर्स या संशोधकाने ‘द कंट्री ब्लूज’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच नावाची, जुन्या १४ ध्वनिमुद्रणांची एलपी फोकवेजशी संबंधित आरबीएफतर्फे काढली. फोकवेजनेच १९५२ मध्ये हॅरी स्मिथचा ८४ ध्वनिमुद्रणांचा संग्रह आणला होता. पण त्यात ब्लूज इतर लोकसंगीताच्या गर्दीत पाहुण्यासारखे बसले होते. इथे घर त्यांचेच होते.

मला महत्त्वाची वाटते ती चार्टर्सची कसोटी. त्या काळच्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने पदरचे पैसे मोजून काय विकत घेतले, हे त्याने पाहिले. म्हणून ब्लाइंड लेमन जेफरसन आला, लोनी जॉन्सन आला, मातीच्या बुधल्यात फुंकून खर्ज काढणारे मेम्फिसचे जग बँडवाले आले. लिरॉय कार तर इंडियानापोलिससारख्या शहरातला पियानोवादक; पण त्याच्या तबकड्या अफाट खपत, म्हणून तोही आला.

संग्राहक मंडळी चिडली. १९६२ मध्ये पीट व्हेलनच्या ओरिजिन जॅझ लायब्ररीने ‘रिअली! द कंट्री ब्लूज’ नावाची एलपी काढली. नावातला उद्गार म्हणजे सरळ टोमणाच! त्यांच्या लेखी खरे ब्लूज म्हणजे दुर्मीळ आणि उग्र. गिऱ्हाइकाची आवड गौण. पुढे जगाने बरेचसे त्यांचेच ऐकले. हयातीत फारसा न खपलेला रॉबर्ट जॉन्सन १९६१ च्या कोलंबियाच्या एलपीनंतर ब्लूजचा राजा ठरला आणि कार मागे पडला. (जॉन्सनचे एक गाणे चार्टर्सने आधीच घेतले होते, हे कुणी सांगत नाही.) तबकडी दुर्मीळ असते, कारण पुष्कळदा ती कुणी घेतलेलीच नसते. आपल्याकडच्या जुन्या नाट्यपदांच्या संग्राहकांनाही हे ऐकवावेसे वाटते. संग्राहकांनी विस्मृतीतला पुष्कळ ठेवा वाचवला, हे मान्य; पण ऐकणाऱ्याच्या वतीने निकाल देण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला?

त्या १४ गाण्यांतले बुका व्हाइटचे एक गाणे बॉब डिलनने १९६२ च्या आपल्या पहिल्या एलपीत गायले. दुसऱ्याच वर्षी जॉन फाहे आणि एड डेन्सन यांनी व्हाइटच्या एका जुन्या गाण्यातल्या गावाच्या नावावरून ‘बुका व्हाइट, जुने ब्लूज गायक, ॲबरडीन, मिसिसिपी’ अशा पत्त्यावर पत्र टाकले. ते फिरत फिरत मेम्फिसला त्याच्या हाती पडले.

आणि कॅनन्स जग स्टॉम्पर्सचे ‘वॉक राइट इन’. रूफटॉप सिंगर्सनी ते नव्याने गायले आणि १९६३ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. मूळ गायक गस कॅनन तेव्हा ऐंशीच्या घरात होता, मेम्फिसलाच राहत होता. कोळसा घ्यायला त्याने बँजो गहाण टाकला होता, असे सांगतात. त्याच वर्षी स्टॅक्स कंपनीने त्याला बोलावून त्याची स्वतंत्र एलपी मुद्रित केली.