ट्राउटला भुलवणारी माशी

हिमाचलात कुल्लू जिल्ह्यात तीर्थन नदी आहे. तिथल्या गावांत लोक घरात पाहुणे ठेवतात, आणि त्यातले काही खास ट्राउट मासा धरायला येतात. हा मासा थंडगार वाहत्या पाण्यातला, म्हणून आपल्या नद्यांत तो नाही. पण त्याला धरायची युक्ती हातकामाची आहे, म्हणून आज सांगते.

गळाला गांडूळ न लावता पिसं, केस आणि दोरा गुंडाळून नकली माशी बांधतात. जी पाण्यावर तरंगते ती ‘ड्राय फ्लाय’. मासा फसून वर येतो आणि ती तोंडात घेतो. केनियात कितीतरी बायका अशा माश्या बांधून घर चालवतात.

नवशिक्यानं कोणती माशी घ्यावी? दुकानात रंगीत माश्यांचा भरलेला डबा पुढे येतो. आपण भुलतो, पैसे जातात. पण खरं गिऱ्हाईक मासा! म्हणून आधी नदीकाठी दहा मिनिटं बसावं. दगडांवर, पाण्यावर कोणते किडे आहेत ते बघावं.

पहिलं बघायचं माप. गळाचा नंबर सुतासारखाच: नंबर वाढला की गळ बारीक. सुरुवातीला १४ आणि १६ नंबर पुरतात.

दुसरा आकार. पंख शिडासारखे उभे असतील तर ‘ॲडम्स’ घ्यावी. ही करडी माशी १९२२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधली. ती अनेक किड्यांसारखी दिसते, म्हणून नवशिक्याला बरी. तिच्या ‘पॅराशूट’ प्रकाराला वर पांढरा तुरा असतो, तो लांबून दिसतो. किड्याचे पंख कौलारू छपरासारखे मिटलेले असतील तर ‘एल्क हेअर कॅडिस’. ती केसांची असते, खळाळत्या पाण्यातही तरंगते.

रंग शेवटी. काठावरच्या किड्याच्या जवळपासचा असला की झालं.

म्हणजे दोन प्रकार, दोन मापं, प्रत्येकी दोन नग. आठ माश्यांत काम भागतं.

आणखी एक. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकावा, म्हणजे मासा फारसा न दुखावता परत सोडता येतो. तिथे मत्स्य विभागाचा परवाना लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ.

मैत्रिणींनो, आपल्या गटाचा माल करतानाही हेच धरा: आधी गिऱ्हाईक बघा, मग रंग निवडा. भेटू पुढच्या वेळी.