मित्राच्या दंडावरची नळी

सहा महिन्यांनी मित्र कॉलेजला परत येतो. केस गेलेत, तोंडाला मास्क आहे आणि दंडावरच्या पारदर्शक पट्टीखालून एक बारीक नळी बाहेर आलीय. तुम्ही विचारता, ‘भावा, सलाईन काढायला विसरले काय?’ तो नुसता हसतो. ते सलाईन नसतं. ती असते पिक लाईन आणि तिचं दुसरं टोक त्याच्या हृदयाजवळ असतं.

ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कॅन्सरची केमोथेरपी महिनोन् महिने चालते. काही औषधं इतकी जहाल, की हाताच्या छोट्या शिरेतून जरा झिरपली तरी आजूबाजूची कातडी जळते. म्हणून नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात. तिथं रक्ताचा प्रवाह जोरात असतो, औषध लगेच पातळ होतं. रोज सुया टोचायचं दुखणंही वाचतं. काहींना छातीच्या कातडीखाली ‘पोर्ट’ बसवतात. १९२९ मध्ये जर्मनीतल्या वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरनं स्वतःच्याच दंडातून अशी नळी हृदयापर्यंत सरकवली होती. १९५६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण औषधाचा रस्ता तोच जंतूंचाही रस्ता. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. आपल्या अंगावर निवांत राहणारा जंतूसुद्धा नळीतून आत शिरला, तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. प्लेटलेट कमी असल्यानं नळी घालताना रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी रक्त तपासतात आणि सोनोग्राफीत शीर बघून नळी घालतात. नळीभोवती रक्ताची गुठळी होण्याचाही धोका असतो.

मग उपाय काय? फार मोठे नाहीत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी पाच नियम लावले: हात धुवा, नळी घालताना रुग्णाला निर्जंतुक चादरीनं पूर्ण झाका, क्लोरहेक्सिडीननं कातडी पुसा, जांघेतली शीर शक्यतो टाळा, गरज संपली की नळी काढा. २००६ मध्ये निकाल छापून आला. दीड वर्षात नळीमुळे होणारा रक्ताचा संसर्ग सुमारे ६६ टक्क्यांनी घटला होता. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही!

हॉस्पिटलमधलं काम डॉक्टर-नर्स करतील. पण मित्र घरी, होस्टेलवर आला की पुढचं तुमच्या हातात आहे.

त्याला ताप १००.४ फॅरनहाइट झाला, किंवा नळीत औषध सोडल्यावर हुडहुडी भरली, तर तापाची गोळी देऊन झोपवू नका. उपचार मुंबईला टाटामध्ये चालू असले, तरी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट बघू नका. तिथल्या डॉक्टरांना फोन लावा आणि त्याच वेळी कोल्हापुरातलंच जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. उशीर परवडत नाही. हात किंवा मान सुजली, नळीपाशी लाली-पू दिसला, तरी तेच.

पट्टी साधारण आठवड्याला बदलतात; भिजली किंवा सुटली तर लगेच, आणि तेही शिकलेल्या हातांनीच. म्हणून पंचगंगेत पोहायला त्याला ओढू नका. तालमीत वजनं उचलायचा आग्रह नको. त्या हातावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नका. तुम्हाला सर्दी असेल, तर त्या दिवशी भेट नको, व्हिडिओ कॉल करा.

आणखी एक. मंडळाच्या शिबिरात आपण हौसेनं रक्त देतो. प्लेटलेट मात्र जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळं त्या सतत लागतात. अठरा पूर्ण असतील आणि तब्येत ठणठणीत असेल, तर रक्तपेढीत त्याचीही चौकशी करा.

आणि आजच त्याच्या हॉस्पिटलचा नंबर तुमच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा. रात्री दोन वाजता ताप चढला, तर तो शोधायला वेळ नसतो.