नातवंडांना गेमिंग संगणक देताना

दहावी-बारावीचा निकाल लागला की नातवंडांना काहीतरी द्यावे, ही आजी-आजोबांची जुनी रीत आहे. पूर्वी ती भेट सायकलीची किंवा मनगटी घड्याळाची असे. आता मागणी येते गेमिंग संगणकाची, आणि तोही एकेक सुटा भाग निवडून जुळवलेला. यादीतील अनोळखी नावे पाहून अनेक ज्येष्ठ पैसे सोपवतात आणि बाजूला होतात. तसे करू नये. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा, धूळ आणि विजेचा लपंडाव ज्यांनी आयुष्यभर अनुभवला, त्यांचे मत या निवडीत मोलाचे आहे.

उष्णतेचा हिशेब

मुलांची यादी वेगापासून सुरू होते. आपण उष्णतेपासून सुरुवात करावी. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन खोलीत उतरते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे खेळताना ३०० वॅट घेणारा संगणक हा खोलीत आणखी तीन माणसे बसल्यासारखाच होय. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो. त्यामुळे ज्या खोलीत आजोबा दुपारची विश्रांती घेतात, तेथे ही भर दुर्लक्षिण्यासारखी नाही.

सर्वाधिक वीज खाणारा भाग म्हणजे खेळातील चित्रे उभी करणारे ग्राफिक्स कार्ड. जीफोर्स आरटीएक्स ५०६० या कार्डाची कमाल गरज १४५ वॅट आहे, तर ५०७० या वरच्या कार्डाची २५० वॅट. साध्या आकाराच्या पडद्यावर खेळायचे असेल, तर पहिले बहुतेक घरांना पुरते. प्रोसेसरही ६५ वॅट गटातील, उदाहरणार्थ रायझन ५ ७६००, घ्यावा.

जुळवाजुळव

मदरबोर्ड हा संगणकाचा पाया. प्रोसेसर त्याच्या खोबणीत बसणारा हवा. रॅमची जातही मदरबोर्डला चालणारी हवी; डीडीआर ४ आणि डीडीआर ५ एकमेकींच्या जागी बसत नाहीत. १६ जीबी रॅम आणि एक टीबीची एसएसडी ही सुरुवात पुरेशी आहे. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, तेही आधी पाहावे.

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर परिसरात कोळशाची बारीक धूळ घरात येतच असते. म्हणून समोर जाळी आणि काढून धुता येणारे फिल्टर असलेले कॅबिनेट घ्यावे. रंगीत दिवे नसले तरी चालेल. संगणक कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नये. ओलसर धूळ पंख्यांवर चिकटून बसते. फिल्टरची सफाई घराबाहेर आणि तोंडावर मास्क लावून करावी. दमा असलेल्या व्यक्तीने ती करू नये.

विजेची बाजू

पैसे वाचवताना बहुधा पॉवर सप्लायवर कात्री चालते, आणि तेथेच पुढचे नुकसान दडलेले असते. नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस' प्रमाणित, ५५० ते ६५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा. घरातील अर्थिंग विजेच्या कारागिराकडून तपासून घ्यावे.

वीज अचानक गेली तर काम सांभाळून बंद करण्याइतका अवधी यूपीएस देतो. त्यावरील आकडा नीट वाचावा : ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, म्हणून १००० व्हीएचा बरा. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याचे बटण यूपीएस स्थितीत आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग भिंतीतून काढून ठेवावा.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दुर्गम गावी बिघडलेला भाग बदलून आणणे सोपे नसते. चंद्रपूरकरांनाही पुष्कळदा दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला जावे लागते. तेव्हा प्रत्येक भागाचे पक्के बिल, त्यावरील अनुक्रमांक आणि हमीची मुदत एका पाकिटात जपून ठेवावी.

डोळे, कान आणि मान

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी आणि पडदा हातभर दूर असावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट दूर पाहण्याची सवय लावावी. पाठीला आधार देणारी खुर्ची ही चैन नव्हे. अंदाजपत्रकात तिला जागा द्यावी. हेडफोनमुळे घरातल्यांची झोप मोडत नाही, पण आवाजाला मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज सुरक्षित होय.

याच संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात गेमिंग विकाराचा समावेश आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून त्याला अधिक महत्त्व येणे आणि हानी दिसूनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. आणि ती सहसा वर्षभर टिकलेली असावी लागतात. चार दिवसांच्या उत्साहाला व्यसन म्हणू नये. मात्र झोप, जेवण, अभ्यास किंवा मैत्री सुटू लागली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खेळाचे तास खरेदीपूर्वीच एकत्र बसून ठरवलेले बरे. संगणक मुलाच्या बंद खोलीत न ठेवता बैठकीत ठेवावा. दुपारी ज्येष्ठ तेथेच विसावत असतील, तर खेळाची वेळ संध्याकाळची ठरवावी.

भेट आणि पुंजी

रक्कम आधी ठरवावी आणि यादी तिच्यात बसवावी. औषधोपचारासाठी राखलेल्या ठेवीला हात लावू नये. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षीही बदलता येते. ऑनलाइन खरेदीत ओटीपी कोणालाही सांगू नये.

यादीत एक साधा कॅमेरा जरूर जोडावा. मग याच संगणकावरून ई-संजीवनी सेवेतील डॉक्टरांशी मोठ्या पडद्यावर बोलता येईल, औषधांची नावे ठळक अक्षरांत वाचता येतील आणि परगावच्या लेकीचा चेहरा नीट दिसेल. ते कसे करायचे, हे शिकवण्याची जबाबदारी आनंदाने नातवंडावर टाकावी. भाग निवडताना आपण त्याच्यासोबत बसलो असू, तर तेही आपल्यासोबत बसेल.