उंदीरमामांचा पिझ्झा: दोनदा दिवाळं, तरी दुकान चालू

अमेरिकेत मुलांच्या वाढदिवसाचा सगळ्यात नावाजलेला यजमान एक उंदीर आहे. नाव चक ई. चीज. तिकडे नातवंडं असलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच आजी-आजोबांनी त्याला पाहिलंही असेल: कानठळ्या बसवणारा हॉल, दिवे लुकलुकणारी खेळांची यंत्रं, मधूनच ‘हॅपी बर्थडे’चा गजर आणि टेबलावर गार होत चाललेला पिझ्झा. पिझ्झा गार होतो, कारण तो खायला तिथे कोणी आलेलंच नसतं. सगळी गंमत तिथेच आहे.

मागवला कोल्हा, आला उंदीर

व्हिडिओ गेमच्या धंद्याचे जनक म्हणवले जाणारे नोलन बुशनेल हे या उंदराचेही जनक. १९७२ साली त्यांनी टेड डॅबनी यांच्यासह ‘अटारी’ कंपनी काढली, त्याच वर्षी ‘पाँग’ बाजारात आणला. पुढे त्यांना पिझ्झाचं दुकान काढायची हुक्की आली. दुकानाचं नाव ठरलं ‘कायोटी पिझ्झा’. कायोटी म्हणजे तिकडचा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी. करमणूक उद्योगाच्या एका प्रदर्शनात त्यांना आत माणूस शिरतो तसला एक मोठा पोशाख दिसला. हाच आपला कायोटी, म्हणून त्यांनी तो घेतला. कारखान्यात खोका उघडला तर आतून लांबलचक गुलाबी शेपूट निघालं. तो उंदीर होता!

मग नाव सुचलं ‘रिक रॅट्स पिझ्झा’. जाहिरात सांभाळणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. आपल्याकडे उंदीर बाप्पाच्या पायाशी मोदक राखत बसतो म्हणून निभतं. अमेरिकेत हॉटेल आणि उंदीर एकत्र आले की आरोग्य खात्याचा माणूस दारात उभा राहतो. शेवटी ‘चक ई. चीज’वर शिक्कामोर्तब झालं. यातल्या ‘ई’चा अर्थ कंपनीने नंतर ‘एंटरटेनमेंट’ असा जाहीर केला. कंपनीच्याच गोष्टीनुसार हे मूषकराज अनाथाश्रमात वाढले, स्वतःचा वाढदिवस त्यांना ठाऊक नाही, म्हणून दुसऱ्यांचे वाढदिवस त्यांना भारी आवडतात. धंद्याला इतकी सोयीची करुण कथा क्वचितच लिहिली गेली असेल.

पिझ्झाच का?

१७ मे १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात चकचं ‘पिझ्झा टाइम थिएटर’ उघडलं. त्यामागचा हिशोब चोख होता. अटारी खेळांची यंत्रं हजार-दोन हजार डॉलरला विकत असे, आणि विकत घेणारा त्यातून नाण्यांच्या रूपात कितीतरी पट वसूल करी. मग आपणच नाणी का गोळा करू नयेत? पण त्या काळी अशी यंत्रं बारमध्ये नाहीतर कळकट गाळ्यांत असायची. आईबाप मुलांना तिथे फिरकू देत नसत.

तोडगा होता पिझ्झा. मैदा, सॉस, चीज. बिघडवायचा म्हटला तरी फारसा बिघडत नाही. आणि मुख्य म्हणजे भट्टीतून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पोरं काय करणार? टोकन घेणार. अन्न यायला उशीर झाला की गल्ल्यावरचा मालक खूश, असं जगातलं बहुधा हे एकमेव हॉटेल! त्या टोकनांवर सुरुवातीला अमेरिकी नाण्यांवरच्या देवावरील श्रद्धेच्या वचनाचं विडंबन कोरलेलं असायचं: आमचा भरवसा पिझ्झावर. मालकाचा भरवसा पिझ्झाला लागणाऱ्या वेळावर होता, पण ते नाण्यावर कसं कोरणार?

कल्पना अगदी आभाळातून पडलेली नव्हती. त्या भागात मोठा पाइप ऑर्गन वाजवून गिऱ्हाईक जमवणारी पिझ्झाघरं आधीच होती. बुशनेल विद्यार्थिदशेत युटाहमधल्या ‘लगून’ या करमणूक बागेत काम करत, आणि डिस्नेलँडमधल्या गाणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. ऑर्गन, बाग आणि पक्षी एका छपराखाली आणले, झालं.

सिगारवाला चक

आजचा चक गोंडस, गिटार वाजवणारा छोकरा आहे. मूळचा चक तसा अजिबात नव्हता. तोंडात सिगार, न्यू जर्सीच्या गल्लीतलं इंग्रजी आणि येताजाता टोमणे. भिंतीवर टांगलेल्या तसबिरींच्या चौकटींतून तो आणि त्याचे सवंगडी डोकं बाहेर काढून बोलत. मुलं यंत्रांकडे पळाल्यावर टेबलावर उरायचे मोठे, तेव्हा विनोदही मोठ्यांसाठीच असत. जोडीला बिअर मिळे. आईबापाला बसवून ठेवलं की पोरं बसतात, हे ज्याला कळलं त्याला धंदा कळला.

अस्वल वेगळं निघतं

धंदा वाढला. तोपर्यंत अटारी वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या ताब्यात गेली होती. वॉर्नरला पिझ्झात रस नव्हता. बुशनेलनी ५ लाख डॉलर मोजून उंदीर सोडवून घेतला. १९७९ मध्ये रॉबर्ट ब्रॉक या बड्या हॉटेलमालकाशी करार झाला. कॅन्ससच्या टोपिका शहरातले हे गृहस्थ अनेक राज्यांत उंदराची दुकानं थाटणार होते. एवढ्यात त्यांना फ्लोरिडातल्या ॲरन फेक्टर या तरुण संशोधकाची यांत्रिक बाहुली दिसली, आणि ब्रॉकसाहेबांचं मन फिरलं. करार मोडून त्यांनी फेक्टरसोबत मार्च १९८० मध्ये कॅन्सस सिटीत ‘शोबिझ पिझ्झा प्लेस’ उघडलं. अर्थातच प्रकरण कोर्टात गेलं. तडजोड अशी निघाली की शोबिझने कमाईतला वाटा चौदा वर्षं उंदराला द्यायचा. म्हणजे अस्वलाने वाजवायचं आणि उंदराने मोजायचं.

हो, अस्वलच. फेक्टरच्या ‘रॉक-अफायर एक्स्प्लोजन’ या वाद्यवृंदाचा चेहरा होता बिली बॉब अस्वल. की-बोर्डवर फॅट्झ नावाचा गोरिला, नाचायला मिट्झी उंदरीण, ड्रमवर डूक कुत्रा. सगळे दाबाच्या हवेवर हलत. त्यांची टेप बघण्यासारखी होती: चार पट्ट्यांपैकी दोनांवर गाणं, उरलेल्या दोनांवर कोणी कधी पापणी मिटायची आणि कधी मान वळवायची याच्या आज्ञा. तोंडं, भुवया, बोटं अशी काही हलत, की मी त्या जुन्या चित्रफिती पाहताना अजूनही थोडा दचकतो. चकच्या मंडळींपेक्षा ही मंडळी सरस होती, हे माझं स्पष्ट मत.

उंदीर बुडाला, आणि…

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारीने तर न खपलेल्या खेळांच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाबाहेर खड्ड्यात पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरूनही काढल्या गेल्या. भरमसाट शाखा काढून बसलेलं पिझ्झा टाइम मार्च १९८४ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचलं. विकत कोणी घेतलं? शोबिझने. पळून गेलेल्या भागीदारानेच घर लिलावात सोडवलं.

(याच बुशनेलना स्टीव्ह जॉब्जने पूर्वी ५० हजार डॉलरमध्ये ॲपलचा एक तृतीयांश हिस्सा देऊ केला होता. ते नाही म्हणाले. उंदराला हो, सफरचंदाला नाही!)

कातडी सोलली

जिंकलेल्या अस्वलाचं पुढे काय झालं, हा या इतिहासातला सगळ्यात विचित्र भाग. बिली बॉब आणि मंडळींचे हक्क फेक्टरकडे होते, आणि ते काही केल्या सोडेनात. चकचे हक्क मात्र आता कंपनीचे स्वतःचे. तेव्हा १९९० च्या सुमारास कंपनीने फर्मान काढलं: अस्वल, गोरिला, कुत्रा यांच्या कातड्या काढा आणि आतल्या त्याच सांगाड्यांवर उंदराच्या टोळीच्या कातड्या चढवा. दोनेक वर्षांत देशभर हे काम उरकलं. काल बिली बॉबला टाटा करून गेलेलं पोरगं पुढच्या वाढदिवसाला आलं, तर त्याच मंचावर तीच मान तशीच वळत होती, चेहरा भलत्याचाच.

फेक्टरच्या ऑर्लँडोतल्या कारखान्याची कळा गेली. २०१३ मध्ये पर्यायी इंधनाचे प्रयोग चालू असताना तिथे खराखुरा स्फोट झाला. वाद्यवृंदाच्या नावातला ‘एक्स्प्लोजन’ एवढा शब्दशः घ्यायची गरज नव्हती.

चुटके

चकच्या दारात मुलाच्या आणि पालकाच्या हातावर अदृश्य शाईचा एकच आकडा मारतात. निघताना निळ्या दिव्याखाली तो जुळला तरच दार मोकळं. लग्नाच्या हॉलमध्ये हे आणायला हरकत नाही.

२०२३ च्या सुरुवातीला एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ टाकला: बाहुल्यांचा नवा कार्यक्रम कंपनीने चक्क फ्लॉपी डिस्कवर पाठवला होता.

२०१९ मध्ये यूट्यूबवर वावडी उठली की उरलेले तुकडे जोडून नवा पिझ्झा करतात, म्हणून कडा जुळत नाहीत. कंपनीने साफ इन्कार केला.

पास्क्वालीचा बुरखा

२०१४ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीने साधारण १३० कोटी डॉलरला सगळा कारभार घेतला, कर्जासकट. मग आला २०२०. शंभर मुलांनी तेच बटण दाबायचं, हा ज्यांचा धंदा, त्यांनी महामारीत करायचं काय? घरपोच पिझ्झा. पण चकचा पिझ्झा घरी मागवणार कोण? तर डिलिव्हरी ॲपवर ‘पास्क्वालीज पिझ्झा अँड विंग्ज’ नावाचं नवंच दुकान अवतरलं. फिलाडेल्फियातल्या एका गिऱ्हाइकाने छोटं स्थानिक दुकान जगवू म्हणून ऑर्डर दिली आणि नंतर पत्ता तपासला, तर चक ई. चीज! पास्क्वाली म्हणजे चकच्या वाद्यवृंदातला आचारी. दिवे बंद झाल्यावर बिचाऱ्याला खरोखर स्वयंपाकघरात जावं लागलं.

जूनमध्ये पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज. कोर्टाच्या कागदांत एक रत्न सापडतं. खेळात जिंकलेली कागदी तिकिटं काउंटरवर देऊन बक्षिसं घ्यायची, अशी पद्धत होती. पुरवठादारांकडे तयार होऊन पडलेली तिकिटं भरली ७०० कोटी! चाळीस फुटी पासष्ट कंटेनर भरतील एवढी. ती बाहेर गेली असती, तर ९० लाख डॉलरची बक्षिसं द्यावी लागली असती. म्हणून कंपनीने २३ लाख डॉलर मोजून ती नष्ट करायची परवानगी मागितली. प्लॅस्टिकचे कोळी आणि रबरी चेंडू वाचवण्यासाठी इतका खर्च आणखी कोणी केला नसेल. वर्ष संपता संपता कंपनी दिवाळखोरीतून बाहेरही आली.

शेजारीपाजारी

‘डेव्ह अँड बस्टर्स’ हे मोठ्यांचं तेच. लिटल रॉक शहरात डेव्हचं खेळघर आणि बस्टरचं हॉटेल शेजारी शेजारी होतं. गिऱ्हाइकं इकडून तिकडे जाताना दिसली आणि दोघांनी १९८२ मध्ये डॅलसमध्ये एकत्र दुकान काढलं. नाव आधी कोणाचं, हे नाणं उडवून ठरलं. २०२४ अखेरीस ही मंडळी बंगळुरूत येऊन पोचली.

ॲरिझोनातल्या मेसा शहरात ‘ऑर्गन स्टॉप पिझ्झा’ अजून चालू आहे. हजारो पाइपांचा अवाढव्य वुर्लिट्झर ऑर्गन ऐकत तुकडे मोडा. तिकीट नाही.

मुंबईत २०१२ मध्ये लोअर परळला ‘स्मॅश’ हे खेळघर सुरू झालं. सचिन तेंडुलकरची त्यात गुंतवणूक होती, चेंडू यंत्र टाकायचं आणि गोलंदाज पडद्यावर धावत यायचा. महामारीने तेही आडवं केलं. २०२२ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया, आणि पुढे मुंबईच्याच ‘नझारा’ या गेम कंपनीने ते उचललं. कथानक ओळखीचं वाटतंय ना?

बाहुले परत

२०१४ मध्ये स्कॉट कॉथन यांनी ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ हा गेम काढला: पिझ्झाघरातला रात्रीचा पहारेकरी आणि अंधारात चालू लागणारे यांत्रिक प्राणी. लहानपणी चकच्या मंचासमोर रडलेल्या अख्ख्या पिढीला ही भीती नव्याने समजावून सांगावी लागली नाही. २०२३ च्या त्यावरच्या चित्रपटाने जगभर सुमारे ३० कोटी डॉलर कमावले.

नेमक्या त्याच काळात कंपनी खरे बाहुले मोडीत काढत होती. जागा हवी होती ट्रॅम्पोलीन आणि नाचाच्या फरशीसाठी. चाहत्यांनी गिल्ला केला, तेव्हा मोजक्या पाच शाखांत वाद्यवृंद कायमचा ठेवायचं ठरलं. कॅलिफोर्नियातली नॉर्थरिज त्यातली एक. आता लोक विमानाने तिथे जातात.

२०२४ मध्ये मासिक पासही निघाला: महिन्याला आठेक डॉलरपासून पुढे, रोज या. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आला ‘चक्स आर्केड’, मॉलमधला, मोठ्यांसाठीचा. पस्तिशी-चाळिशीतली ती मूळची पोरं तिथे जुने खेळ खेळायला येतात. भर सगळा यंत्रांवर, पिझ्झाची फारशी जाहिरात नाही.