गळ टाकायच्या आधी विचारा, राजेहो

दिवाळी सरली, सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू झाली की अमरावती-अकोल्याकडच्या तलावांचं गढूळ पाणी निवळायला लागतं. गळानं मासे धरायला शिकायचं असेल तर ही वेळ चांगली. मोबाईलवर व्हिडिओ पाहून रीळवाली महागडी काठी मागवायचा विचार असेल, तर जरा थांबा. पहिलं वर्ष वेळूवरच काढा.

आठ-दहा फुटांची वाळलेली, सरळ वेळूची काठी घ्या. तिच्या शेंड्याला काठीएवढ्याच लांबीचा तंगूस, त्याला शिशाची एक बारीक गोळी आणि खाली छोटा गळ. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानातच लक्षात ठेवा. आठ-दहा नंबर सुरुवातीला पुरतो. पाण्यावर तरंगायला बुचाचा तुकडा बांधा. ज्वारीचा धांडाही चालतो, पण भिजला की जड होतो. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून स्वतःभोवतीच पाच-सहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत काढायचं आणि थुंकी लावून ओढायचं. कोरडी गाठ ओढली तर तंगूस घासून कमजोर होतो आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तुटतो.

चाऱ्याला गांडूळ सगळ्यात सोपं. त्याची किळस येत असेल तर कणीक आणि भुईमुगाची ढेप मळून घ्या. कणकेची गोळी पाण्यात लवकर सुटते, म्हणून मळतानाच तिच्यात चिमूटभर कापूस पिंजून घाला. वऱ्हाडात कापूस शोधत फिरावं लागत नाही!

आता खरा प्रश्न. हे पाणी कोणाचं?

‘सरकारी तलाव आहे, कोणीही मासे धरावे’ असं बऱ्याच पोरांना वाटतं. तसं नसतं, भाऊ. बहुतेक तलाव आणि धरणांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. आपल्याकडं त्यात भोई समाजाची घरं मोठ्या संख्येनं आहेत. आणि त्या पाण्यातले रोहू, कटला, मृगळ आपोआप आलेले नसतात. हे मासे पावसाळ्यात पूर आलेल्या वाहत्या नदीत अंडी देतात, साचलेल्या तलावात देत नाहीत. पूर्वी त्यांची पिल्लं नद्यांमधूनच गोळा करावी लागत. 10 जुलै 1957 रोजी हीरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात या माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, तेव्हा कुठं बीज केंद्रात तयार होऊ लागलं. 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरं, बोटाएवढं झालं की बोटुकली. संस्था पैसे मोजून ही बोटुकली तलावात सोडते आणि पुढं महिनोन्‌महिने राखण करते. म्हणजे तलाव हे पेरलेलं वावर आहे. दुसऱ्याच्या वावरातला हरभरा आपण विचारल्याशिवाय उपटत नाही ना? तसंच हे.

म्हणून आधी काठावर जाल्याला सुया घालत बसलेल्या माणसाला गाठा. ‘काका, गळ टाकू का? कुठं टाकू?’ एवढंच विचारा. नाही म्हणाले तर तिथं टाकायचा नाही. हो म्हणाले तर एक तास त्यांच्याजवळ बसा. पाण्याखाली कुठं बाभळीचं खोड आहे, कुठं गाळ आहे, ते कोणताच व्हिडिओ सांगणार नाही. मेळघाटातली सिपना असो की काटेपूर्णा अभयारण्यातला जलाशय, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ काढूच नका. तो वन्यजीव कायद्याचा मामला आहे.

परवानगी मिळाली की बुचाची उंची ठरवायची. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो, मृगळ तळाशी चरतो. त्याप्रमाणे बूच वर-खाली सरकवा. नवशिक्याला मात्र बहुधा आधी चिलापीच लागते, म्हणजे तिलापिया. लागू द्या. बाहेरून आलेला मासा आहे, झपाट्यानं वाढतो आणि तळून छान लागतो. मरळीचं उलटं. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. त्यांना धरलं की तो अख्खा थवा गेला समजा. तेव्हा तिथून काठी उचला. शिंगाडा, मांगूर असे मिशावाले मासे उघड्या हातानं धरू नका. त्यांच्या परांतले काटे ठणका लावतात. ओलं फडकं जवळ असू द्या.

मासा मेला तर मेला, माणूस परत येत नाही. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं दिसायला लहान असतं, पण ओल्या प्लास्टिकवर पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. मित्राच्या शेतात जात असाल तर काठावर आधी दोर बांधा, मगच चारा लावा. अप्पर वर्धासारख्या मोठ्या धरणाच्या सांडव्याजवळ, दरवाज्यांखाली बसायचं नाही. पाणी कधी सुटेल याचा नेम नसतो. गळ खोडात अडकला तर तंगूस तोडा. दहा रुपयांच्या गळासाठी पाण्यात उतरू नका. आणि तुटलेला तंगूस काठावर फेकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतो.

सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दिवस कलल्यावर बसा. उन्हाळ्यात तर भर दुपारी जाऊच नका, मासेही खोल पाण्यात जातात. पहिल्या दिवशी काही लागलं नाही तर ज्या काकांनी जागा दाखवली त्यांच्याकडूनच किलोभर मासोळी विकत घ्या. सकाळी जाळं ओढलं की काठावरच वजनकाटा लागतो, तेव्हा पिशवी घरूनच न्या.